रोज एक भाग, जेवणानंतर

गुलनाज, तू आधी मोबाईल खाली ठेव आणि नुसतं ऐक. मधे-मधे "मग काय झालं, मग काय झालं" करायचं नाही, सगळं सांगणारच की!

आपली सिद्धेश्वरी, सात रस्त्याजवळच्या लॅबमध्ये रक्त काढते ती. तिची सवय तुला माहितेय. समोर कुणीबी हात पुढं केला की सुई टोचायच्या आधी ही विचारणार, "मावशी, रडायचंय, हसायचंय का नुसतं जळायचंय?" मावशी गडबडते, तेवढ्यात सुई आत. मग रिपोर्टसोबत लॅबच्या चिठ्ठीमागं लिहून देणार, कुठली कोरियन मालिका बघायची ते. राजा-राणीच्या काळातलीच बरं का. ऑफिसातली प्रेमं तिला चालत नाहीत. "ज्यात घोडा नाही त्यात प्रेम कसलं?" म्हणते. आणि खाली डोस: रोज एक भाग, जेवणानंतर.

नियमबी कडक हायत तिचे. नवशिक्याला आधी ती द्यायची, ज्यात पोरगी पुरुषाच्या वेषात राजवाड्यात शिरते. हसत-हसत सवय लागते. मग राजाची आठवण जाते ती. शेवटी दोघं मरतात ती मात्र दुसऱ्या दिवशी सुट्टी असल्याशिवाय कुणाला द्यायची नाही. एस.टी.तले रिटायर कंडक्टर रज्जाकचाचा तर शुगर नॉर्मल आली तरी दर महिन्याला येऊन बसतात, "बेटी, अगली चिठ्ठी?"

तर या बाईनं सात स्थळं नाकारली. पत्रिका नाही, पगार नाही, एकच प्रश्न विचारायची, "कोरियन बघता का?" एक जण म्हणला, "ते? त्यातले सगळे सारखेच दिसतात की." हिनं त्याच्या पुढ्यातली उप्पिटाची बशी उचलून आत नेली. अर्धी खाल्लेली!

हसू नकोस. तिला राजपुत्र नको होता गं. तिला एवढंच पाहिजे होतं, की शेवटचा भाग संपल्यावर छातीत जे गच्च होऊन बसतं ते सांगायला एक माणूस असावा, आणि त्यानं हसू नये. घरात सगळे हसतात तिला. आपणबी हसतो, खोटं बोलू नकोस.

आठवं स्थळ आलं राजशेखरचं. अक्कलकोट रोडला एमआयडीसीत टॉवेल-चादरीच्या कारखान्यात डिझाइन काढतो. सोबत त्याची आई, शांतम्मा. तो तिला अव्वा म्हणतो. गुळगुळीत अंबाडा, कपाळावर विभूती, नजर अशी की उप्पिटात मीठ किती ते लांबूनच सांगेल. दोघांना बोलायला गॅलरीत सोडलं. सिद्धीनं प्रश्न टाकला.

"न्हाय," तो म्हणला.

"बघाल का?"

"बघतो की."

एवढंच. वाद नाही, टिंगल नाही. सिद्धीनं पर्समधून लॅबची चिठ्ठी काढली आणि नियम मोडला. नवशिक्याला एकदम चौथ्या नंबरची दिली! तिची सगळ्यात लाडकी, आपण जिला "पत्रवाली" म्हणतो ती. आठवतेय? राजपुत्र तलवारीत एक नंबर, पण दोन ओळी लिहायच्या म्हणजे घाम. म्हणून मंत्र्याच्या मुलीला त्याच्या नावानं पत्रं लिहितो दरबारातला लेखनिक. ती पोरगी पत्रांवर जीव लावते, आणि चौदाव्या भागात तिला कळतं हात कुणाचा ते. ती! "सोळा भाग, सोळा दिवस. रोज काय वाटलं ते कळवा," म्हणली. वर नंबर दिला.

आणि गुलनाज, मेसेज यायला लागले की!

पहिल्या दिवशी, "राजपुत्र वाईट नाही. त्याला कुणी प्रेमानं विचारलंच नाही कधी. जेवलीस का?" चौथ्या दिवशी, "लेखनिक पत्र लिहून झाल्यावर शाई वाळेपर्यंत फुंकर घालत बसतो. त्याला ते पाठवायचंच नसतं. जेवलीस का?" सिद्धी लॅबमध्ये वाचत बसली आणि एका आजोबांच्या दंडाला बांधलेला रबरी पट्टा सोडायलाच विसरली. आजोबांचा हात जांभळा! रोज एक मेसेज, रोज शेवटी "जेवलीस का?" तिला वाटलं, इतकं हळवं बघणारा आणि वर जेवलीस का विचारणारा पोरगा सोलापुरात शिल्लक होता, आणि आपण सात बशा उचलत बसलो.

तेराव्या दिवशी एकच मेसेज वेगळा आला. "मंत्र्याच्या मुलीनं शाल उलटी पांघरली आहे. काठ आत गेलाय." बस्स. जेवलीस का नाही, काही नाही. तिथं ती पोरगी नदीकाठी रडून-रडून अर्धी झालेली, आणि ह्याला काठ दिसला! सिद्धीनं चिडवलं, "डिझाइनवाले, प्रेम बघा की." पण रिवाइंड करून बघितलं, तर शाल खरंच उलटी होती. सहा वेळा बघितलेली मालिका, हिला कधी दिसलं नव्हतं.

सोळा दिवस झाले, आणि हिनं घरी सांगून टाकलं, "मला पसंत आहे." तिची आई देवापुढं साखर ठेवून आली.

मग रविवारी हे सगळे त्यांचं घर बघायला गेले. दारात शांतम्मा उभी. सिद्धी पाया पडली, आणि तिनं डोक्यावर हात ठेवून विचारलं, "आलीस? जेवलीस का?"

सिद्धी तिथंच अडकली. तरी म्हणली, सगळ्याच बायका विचारतात की. पण चहा देताना शांतम्माला राहवेना. हळूच वाकून म्हणाली, "अगं, तो लेखनिक शाईवर फुंकर घालत बसतो बघ. त्याला पाठवायचंच न्हाय ते!"

कपातला चहा बशीत, बशीतला साडीवर.

बघ आता. जगाला पत्रवाली वाटत फिरणारी ही बया. लेखनिक कोण, हे ओळखायला दुसऱ्या भागापासून सगळ्यांना शिकवणारी ही. आणि स्वतःला पत्रं आली तेव्हा सोळा दिवस राजपुत्राचंच नाव वाचत बसली! आणि मालिकेत निदान लेखनिकाशी लग्न तरी करता येतं. हितं लेखनिक म्हणजे सासू!

घर दाखवायच्या निमित्तानं दोघांना गच्चीवर पाठवलं. दोरीवर सगळीकडं टॉवेल वाळत घातलेले, कारखान्याचे सॅम्पल. सिद्धी एका टॉवेलाआड तोंड करून उभी. रडायला आलेलं, पण त्याला दाखवायचं नव्हतं.

"तुम्ही बघितलीच नाही ना?"

"पहिल्या भागात झोपलो," राजशेखर म्हणला. "घोडा दिसला तिथपर्यंत आठवतंय. अव्वा मागं बसून बघत होती. तीच म्हणाली, झोपलास? मग पोरीला काय कळवणार? मी सांगते, तू लिही."

"म्हणजे सगळं त्यांनी सांगितलं, तुम्ही नुसतं टाइप केलं?"

"व्हय. एक सोडून."

"शाल," सिद्धी म्हणली.

तो दोरीवरच्या टॉवेलाचा काठ सरळ करत म्हणला, "त्या दिवशी अव्वा इतकी रडत होती की तिला सांगताच येईना. तुम्ही वाट बघत असाल म्हणून मीच बघितलं, आणि जे दिसलं ते लिहिलं. मला तेवढंच दिसतं हो. शेवटचे तीन भाग मात्र जागा राहून बघितले. पण अव्वाचं वाचून तुम्ही एवढ्या खूश होत होता, मग माझं कशाला लिहायचं?"

खालून सिद्धीच्या आईची हाक, "अगं ये की, तारीख धरायचीय!"

आता हितं काय करावं माणसानं? हो म्हणावं तर कुणाला? नाही म्हणावं तर तो खोटं बोललेला, पण खरंबी त्यानंच सांगितलेलं, आढेवेढे न घेता. सिद्धीनं टॉवेलानं नाक पुसलं. कारखान्याच्या सॅम्पलला! मग पर्स उघडली, लॅबची चिठ्ठी काढली, आणि भिंतीवर टेकवून लिहिलं. तीच मालिका, पुन्हा पहिल्यापासून. रोज एक भाग, जेवणानंतर. खाली अधोरेखित: एकट्यानं. अव्वा वर्ज्य.

"सोळा दिवसांनी हो-नाही सांगते," म्हणली, आणि खाली जाऊन भर बैठकीत तेच सांगितलं. सिद्धीच्या आईनं कपाळाला हात लावला. वडील म्हणाले, "लग्न हाय का औषध?" शांतम्माला मात्र सगळं उमगलं. ती पदर तोंडाला लावून हसत बसली, आणि निघताना सिद्धीचा हात दाबून म्हणाली, "त्याला दे त्याचं. पण मी सोळा दिवस काय करू? मला बी एक लिहून दे की. रडायची."

आज नववा दिवस. आठ मेसेज आलेत, एकसे एक. "राजाच्या पडद्याचा रंग उडालाय." "घोडा मागच्या डाव्या पायानं लंगडतोय." "लेखनिकाच्या बाहीला ठिगळ आहे, बाकी कुणाच्या नाही." ठिगळाचं वाचून सिद्धीनं तो भाग पुन्हा लावून बघितला. आणि आज दुपारी डबा खाताना हा आला: "आज नववा बघितला. काठ बघायचा राहिला."

एवढंच, गुलनाज. काठ बघायचा राहिला! काठच बघणारा माणूस गोष्टीत बुडाला की गं! पुढं जेवलीस का नाही, म्हणजे अव्वाचा हात नाही त्यात. सिद्धी तेव्हापासून चपातीचा घास हातात धरून बसलीय. अजून सात भाग बाकी, शब्द दिलाय भर बैठकीत, आणि बोट मात्र मोबाईलवर "हो" टाइप करतंय, पुसतंय, टाइप करतंय, पुसतंय. आता बोल. तू तिच्या जागी असतीस तर थांबली असतीस सात दिवस? काय केलं असतंस गं तू?