दोन म्हशींची फटफटी

मी फटफटी बोलायलेय. पैले पैज लावा. शेवटी मला कुणी नेलं आन कुणाला किती पडलं, वळखा बरं! न्हाय वळखायचं तुमाला. चांगल्या चांगल्या शहाण्यांनी चुकीचं सांगितलंय. चला, बसा. मला मातर एका जागी लई येळ थांबवत न्हाय, आधीच सांगते.

माझा जलम कारखान्यातला. अंगानं बारकी, चाकं जाड, दगडाधोंड्यातनं पळायला केलेली. पर कारखानवाल्याची खोड बघा, नव्याकोऱ्या पोरीला म्हातारीचं रूप दिलं. गोल दिवा, चापट शीट, आज्याच्या काळातल्यावानी टाकी. जुनं दिसणारं नवं आता लोकांला आवडतंय म्हणं. किंमत दोन लाख धा हजार!

ईट गावाजवळच्या वस्तीवरच्या योगीराजनं मला घरी आणलं. त्यापायी त्याच्या आईच्या, धुरपदाबाईच्या, दोन म्हशी इकल्या. चंद्री आन चंद्रीची लेक.

आईला म्हणला, "डोंगरातल्या वस्त्यांवरचं दूध कुणीच आणीत न्हाय, वाट वंगाळ. ही गाडी चढती. वर्साच्या आत दोनी म्हशी दावणीला बांधतो बघ."

त्याचा बाप बलभीमआण्णा माझ्याभवती तीन येढे हिंडला. "सेकंडहँड हाय का रं?"

"नवी हाय आण्णा."

"मग नव्याचे पैसे घेऊन जुनी गळ्यात मारली की तुझ्या!"

शेजारीण इचारती, "आन मोठी कवा हुईल ही?"

म्या बी काय कमी न्हाय. आण्णा मागं बसला की मुद्दाम आचके द्यायची. "ह्या गाडीला माझं वावडं हाय!" म्हणायचा. व्हतंच.

चढाला मातर मी खरी. दुसऱ्याच्या गाड्या मुरमात घसरायच्या, मी शेळीवानी टुणटुण वर. खोट एकच. माझा सायलेन्सर उजव्या अंगाला, वर शीटापाशी. योगीराजनं दोनी बाजूंनी कॅन टांगले. उन्हाळ्याचे दिवस, त्यात सायलेन्सरचा चटका. खाली डेअरीवर येऊस्तोर उजवं कॅन नासलं.

"लेका," आण्णा म्हणला, "खव्याची भट्टी चाकावर घेऊन हिंडायलास का?"

मग योगीराजनं शक्कल काढली. डाव्या अंगाला दूध, उजव्याला तेवढ्याच वजनाचा डोंगरातनं उचललेला दगड, गोणपाटात बांधून. तोल सांभाळाया! दूध डेअरीला जायचं, दगड घरी यायचा. रोज एक. दाराफुडं ढीग झाला. डेअरीवाला इचारायचा, "योगीराज, दगडाला फॅट किती लागलं रं?" मला हसू आवरायचं न्हाय. पर निम्मंच दूध म्हंजी निम्माच पैसा. त्यात पेट्रोल मी पेतच हुते.

धारेची येळ झाली की धुरपदाबाईला बसवायचं न्हाय. बादली इसळायची, पालथी घालायची, परत इसळायची. रिकाम्या खुंट्यापाशी जायची, परत यायची. तिकडं ती येरझाऱ्या घालायली, इकडं मी स्टँडवर, चाकं शिवशिवायलीत. आमा दोघींला बी चैन न्हाय.

वरीस सरलं. एक बी म्हस आली न्हाय. मग कळलं, ईटच्या महारुद्रानं चंद्री घेतली हुती, ती आता गाभण हाय आन त्यो तिला बाजारात उभी करणार हाय.

"मला बाजारला ने," धुरपदाबाई म्हणली. "निस्ती बघीन."

माझ्या ईतभर शीटावर आईला बसवून योगीराज निघाला. बाजारात चंद्रीनं वास घेतला आन मान सरळ म्हातारीच्या खांद्यावर टाकली. म्हातारी रडली न्हाय. चंद्रीच्या कानातले गोचीड काढत बसली.

योगीराजनं ते बघितलं. किल्ली आईच्या हातात ठिवली. "गाडी दे, चंद्री घे," म्हणला, आन तोंड फिरवून च्याच्या टपरीकडं गेला.

बाजारात सौदा रुमालाखाली हुतो, बोटं दाबून. भाव दोघांलाच ठावं. बाया ह्यात पडत न्हाईत. धुरपदाबाईनं माझ्या टाकीवर हात ठिवला, वरनं पदर टाकला आन महारुद्राच्या दलालाला म्हणली, "शरणप्पा, घाल हात."

शरणप्पा लाजून लाल. "मावशे, कसं दिसंल ते!"

"तुझ्या आईच्या वयाची हाय मी. घाल गुमान!"

सगळा बाजार हसाया लागला. पदराखाली बोटं बोलाया लागली. एक बोट म्हंजी धा हजार. दाबादाबी लई झाली. चंद्रीची किंमत एक लाख वीस हजार ठरली, माझी एक लाख तीस. शरणप्पानं तिचं एक बोट धरलं, "मावशे, ह्ये धा हजार तुमाला वरचे."

तिनं बोट काढून घेतलं. हळूच म्हणली, "ते मला नगं. महारुद्राला सांग, दर आईतवारी गाडी माझ्या पोराला द्यायची. आन पोराला ह्यातलं काय बी कळू द्यायचं न्हाय."

आता मी महारुद्राच्या दारात. त्यो मला पानटपरीपतुर नेतो आन आणतो. अंगाला मुंग्या येत्यात. सोमवारपसनं दिवस मोजते. आईतवारी योगीराज येतो. कॅन न्हाय, दगड न्हाय, आमी दोघं सुटतो ते डोंगराच्या माथ्यावरच.

"महारुद्रमामा लई दिलदार," योगीराज म्हणतो. "एक रुपाया घेत न्हाय."

तुमी त्याला सांगू नगा. रुपाया घेत न्हाय, कारण घेऊन झालाय. चंद्रीच्या मालकिणीनं मोजलाय. धा हजार.