मलग्रूंची रिकामी गाडी

किल्ड्रमच्या हमरस्त्यावर रिकामी गाडी उभी करायला बंदी होती. रिकाम्या गाडीत बॉम्ब असायचा आणि आत कुणी बसलं असलं की नसायचा, असा सरकारचा हिशोब. बाजारपेठ तीनदा उडाल्यावर उत्तर आयर्लंडच्या टायरोन परगण्यातल्या त्या गावाने तो निमूट मान्य केला होता. त्यामुळे घरोघरच्या म्हाताऱ्यांना मात्र अचानक भाव आला होता.

फिलोमिना मलग्रूला तर फारच. एरवी तिची सून डिम्पना तिला चर्चपलीकडे कुठे नेत नसे, पण शनिवारी बाजाराला हटकून न्यायची, गाडीत बसवायला. ठेवणीतली टोपी घालून फिलोमिना पुढच्या सीटवर दरबार भरवायची. खाटीक काचेशी वाकून कुणाचं कुणाशी बिनसलं ते सांगून जायचा. गस्तीवरचा इंग्रज शिपाईसुद्धा हात हलवायचा. ती त्याला कधी उत्तर देत नसे, पण त्याने हात हलवला नाही तर तिला चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं. गुडघे गेलेल्या बाईला आठवड्यात एवढंच जग भेटत होतं.

मग बॉम्बवाल्यांनी शस्त्रसंधी केली आणि बंदी उठली. चर्चमध्ये सगळ्यांनी देवाचे आभार मानले. फिलोमिनानेही मानले, जरा तोंडदेखलेच, आणि त्याची तिला लाज वाटली.

शनिवारी ती टोपी घालून दारात उभी राहिली. डिम्पना म्हणाली, "आता कशाला उगाच दगदग, आई? बसा घरी निवांत."

"निवांत बसायचंच आहे की मरेपर्यंत," म्हातारी पुटपुटली. पण सुनेने तोवर गाडी काढली होती.

तासाभरात गावात बोभाटा झाला, मलग्रूंची गाडी उभी आहे आणि म्हातारी आत नाही. शस्त्रसंधी कागदावर ठीक होती, पण इतक्या वर्षांची सवय पायांत भिनलेली. खाटकाने सुरा टाकून धूम ठोकली, त्याच्यामागे अख्खी पेठ. डिम्पनाही डोक्याला रंग फासलेल्या अवस्थेत पार्लरमधून पळत सुटली. गाडी कुणाची, हे विचारायचं तिला सुचलंच नाही. सैनिकांनी यंत्र लावून डिकी फोडली, तर आत दोन कोबी आणि नवऱ्यासाठी घेतलेला शर्ट.

पुढच्या शनिवारी डिम्पनाने दारात हॉर्न वाजवला. "चला आई," ती खाली मान घालून म्हणाली, "तुम्ही दिसला नाहीत तर गावाला धीर वाटत नाही."

फिलोमिनाने टोपी चढवायला मुद्दाम वेळ लावला. तिला आनंद झाला होता आणि तो लपत नव्हता. पेठेत गाडी थांबली तशी माणसं काचेतून डोकावून, तिला पाहून, सुटकेचा निःश्वास टाकत पुढे जाऊ लागली. खाटीक नेहमीसारखा वाकला.

"मी मेल्यावर काय कराल रे?" तिने थट्टेने विचारलं.

खाटीक हसला नाही.