वरून पाणी, खालून शेगडी

धर्माजी पत्र्याच्या डब्याच्या टपावर बादलीने पाणी ओतत होता आणि त्याची बायको सगुणाबाई त्याच डब्याखाली पेटती शेगडी सरकवत होती. मधे, डब्यात, त्यांची लेक रंभा रात्री जन्मलेल्या पोराला घेऊन पडली होती. आपण गार होतोय की गरम, हे तिला कळायला मार्ग नव्हता.

"ती शेगडी काढ," धर्माजी शिडीवरून म्हणाला.

"बाळंतिणीला शेक नगं? अंगात वात शिरला म्हंजी तुमी काढणार?"

"डबा गार ठेवायचा हाय."

"मग ठेवा की. वरून तुमी ठेवा."

धर्माजीने आणखी एक बादली ओतली. खाली निखाऱ्यांवर ओवा तडतडला.

हा डबा साहेबाचा होता. पिंपरीच्या माळावर कारखाना उभा राहत होता आणि यंत्रं बसवायला विलायतेहून आलेला साहेब राहायची खोली बरोबर घेऊनच आला होता. पत्र्याची, दोन चाकांची, पुढे ओढायला दांडी. साहेब पौषात आला आणि शिमग्याआधी गेला. यंत्रं बोटीवर अडकलीत, ती आली की उन्हाळ्यात परत येतो, तेवढी खोली थंड ठेवा, असं सांगून गेला.

कारखान्याच्या कचेरीने थंड ठेवणारा माणूस शोधला. धर्माजीचे कांदे चैत्रात वखारीत पडले की दिवाळीपर्यंत सडत नसत. जो कांदा राखतो तो साहेबही राखील, असा कचेरीचा विचार. शिवाय कारखान्यात त्याचं रान गेलं होतं, तेव्हा त्याला काहीतरी द्यायलाच हवं होतं. डबा उभा होता तो माळही मूळचा त्याचाच, वरचं जांभळाचं झाडही त्याचंच. त्यामुळे सावली कधी कुठे असते, हे त्याला कुणी शिकवावं लागलं नाही.

त्याने टपाला चुना फासला, चुन्यावर उसाचं पाचट पसरलं, खिडक्यांना वाळ्याचे पडदे लावले. पहाटे सगळं उघडायचं, उन्हं चढली की बंद करायचं. आणि सावली सरकली की दांडी खांद्यावर घेऊन डबाही सरकवायचा. संध्याकाळपर्यंत डब्याची जांभळाभोवती अर्धी प्रदक्षिणा होई. पाण्याला जाणाऱ्या बाया म्हणत, वडाला आमी फेऱ्या घालतो, ह्यो जांभळाला घालतोय. साती जन्म ह्योच डबा मागतोय वाटतं.

यंत्रं आली, साहेब आला नाही. एक उन्हाळा गेला, दुसरा लागला. हुकूम मात्र तसाच राहिला. थंड ठेवावी, एवढंच हुकुमात होतं. कुणासाठी, ते नव्हतं. धर्माजी स्वतः आत कधी बसला नाही. एकदा कोंबडी आत शिरून अंडं घालून गेली, तर ते त्याने कचेरीत जमा केलं. साहेबाच्या घरातलं अंडं म्हणून कचेरीने ते कपाटात ठेवलं, आणि पुढे बरेच दिवस त्या कपाटाकडे कुणी गेलं नाही.

धर्माजीचं स्वतःचं घर म्हणजे मजुरांच्या ओळीतली पत्र्याची खोली. गेल्या वैशाखात रंभाचं पहिलं मूल त्या पत्र्याखाली तापलं आणि पाचवी पुजायच्या आत गेलं. धर्माजी सुट्टी मागायला गेला तेव्हा ओव्हरसियर दौलतरावांनी लगेच दिली. जाताना डबा तेवढा एकदा फिरवून जा, म्हणाले. धर्माजीने फिरवला, मग मूल पुरायला गेला. 

आज भर दुपारी नातवाचे ओठ सुकलेले दिसले. धर्माजी उठला, पोर छातीशी घेतलं, रंभाला सगुणाबाईच्या खांद्यावर दिलं आणि डब्याचं कुलूप काढलं. कुणी पाहिलं तर काम जाणार होतं. रान आधीच गेलेलं होतं.

पाहिलं ते दौलतरावांनीच. ते ट्रॅक्टरच्या चाकावरच्या पत्र्यावर बसून, टोपी हाताने धरून आले. साहेब आता येत नाही, डबा आजच पुण्याच्या गोदामात न्यायचा आहे, किल्ली आण, असं त्यांनी बसल्या बसल्याच सांगितलं.

धर्माजी शिडीवरून उतरला. दारासमोर उभा राहिला.

"आज न्हाई जमायचं."

"का?"

"साहेब आल्यात."

दौलतरावांनी टपावरून गळणाऱ्या पाण्याकडे पाहिलं. मग डब्याखालच्या शेगडीकडे.

"कधी आले?"

"राती."

"कशाने आले?"

धर्माजीने सगुणाबाईकडे पाहिलं.

"लई तरास झाला येताना," सगुणाबाई म्हणाली.

तेवढ्यात आतून पोर रडलं. आवाज बारीक होता, पण साहेबाचा नक्कीच नव्हता. ट्रॅक्टरचा ड्रायव्हर वर जांभळं पिकलीत का ते बघू लागला. शेगडीचा धूर दौलतरावांच्या डोळ्यांत जात होता, तरी ते बाजूला सरकले नाहीत. त्यांनी टोपी काढली आणि काही वेळ नुसतीच हातात धरली.

"गार वाटतंय ना त्यांना आत?"

"व्हय," धर्माजी म्हणाला. "औंदा वाटतंय."

दौलतरावांनी मान हलवली. साहेबांचा मुक्काम किती, म्हणून विचारलं. बारशापतोर, सगुणाबाईने सांगितलं. ड्रायव्हर ट्रॅक्टर चालू करायला गेला तसा दौलतरावांनी त्याचा हात धरला. साहेब झोपलेत, म्हणाले. मग दोघांनी मिळून ट्रॅक्टर रस्त्यापर्यंत ढकलत नेला. उतार होता म्हणून बरं. कचेरीत त्यांनी ट्रॅक्टर बिघडल्याचं सांगितलं.

बारसं डब्यातच झालं. वरून पाणी, खालून शेगडी, दोन्ही शेवटपर्यंत चालू होतं; पोर दोन्हींना पुरून उरलं. दुसऱ्या दिवशी ट्रॅक्टर आला, या वेळी आवाज करत. धर्माजीने टपावरचं पाचट उतरवलं, दांडी स्वतः आकड्यात अडकवली, किल्ली दौलतरावांच्या हातावर ठेवली. दुसरं काम बघतो तुझ्यासाठी, ते म्हणाले. बघतील, धर्माजीला वाटलं. आणि बघून झाल्यावर काहीच होणार नाही, तेही त्याला ठाऊक होतं. डबा रस्त्याला लागेपर्यंत त्याच्या टपावरून पाणी ठिबकत होतं.

जांभळाखाली ओल्या मातीचा एक चौकोन उरला. रंभाने खालच्या फांदीला लुगड्याची झोळी बांधून पोराला आत घातलं. शेगडी घेऊन सगुणाबाई तिथेच बसली. धर्माजी बुंध्याला टेकून गेलेल्या चाकांच्या खुणा बघत राहिला. त्याला बोलवायला कुणी येणार नव्हतं.

सावली सरकली. झोळीच्या एका कडेला ऊन लागलं. धर्माजी उठला, पोराला न उठवता झोळी सोडली, पलीकडच्या फांदीला बांधली, आणि खालच्या मातीवर एक बादली पाणी शिंपडून पुन्हा सावलीकडे बघत बसला.