धोंडाबाईची पाठ आणि मी

मित्रांनो, खिळ्याला लोंबणाऱ्या ज्या हिरवट चिंधीकडे तुम्ही ढुंकूनही पाहणार नाही, ती चिंधी म्हणजे मी. मी एक जुना रबरी पट्टा आहे. पट्टा म्हटल्यावर बिचकू नका. कमरेला बांधायचा किंवा कुणाला धाक घालायचा तो मी नव्हे. आखडलेली पाठ मोकळी करायला लोक मला ओढतात.

एका कारखान्यात मोठ्या गुंडाळीतून मला कापलं आणि मी नाशकात, द्वारका चौकाजवळच्या एका लहानशा दवाखान्यात आलो. तिथल्या पूजाताई व्यायाम शिकवून दुखणी बरी करत. मला खिडकीच्या गजाला अडकवायचं आणि दोन्ही टोकं धरून कोपर मागे न्यायचे, एवढंच माझं काम. संगणकापुढे वाकून बसणारे कारकून, मान आखडलेले ट्रकवाले, वह्या तपासून खांदे उतरलेल्या शाळेतल्या बाई, सगळे माझं कौतुक करत. पण बरा झालेला माणूस दवाखान्यात परत कशाला येईल? माझी ओळख व्हायची ती दुखण्यापुरतीच. ओढून ओढून मी सैल पडलो, मग नवे पट्टे आले आणि मी कोपऱ्यातल्या टोपलीत गेलो. तिथे फार एकटं वाटायचं.

अशात एका सकाळी धोंडाबाई आल्या. पेठकडच्या डोंगरातल्या एका पाड्यावरच्या. भाताची कापणी आटपली की त्यांचा सगळा पाडा द्राक्षाच्या कामाला खाली उतरतो. त्या साली त्यांची टोळी सायखेड्याजवळच्या एका बागेत होती. दिवसभर मांडवाखाली उभं राहायचं, मान मागे टाकायची, हात वर करायचे आणि एकेक घड औषधाच्या मगात बुडवायचा. त्याने धोंडाबाईंच्या पाठीत, दोन फऱ्यांच्या, म्हणजे खांद्यामागच्या पात्यांच्या मधोमध, गाठ धरली होती. उजवा हात खांद्याच्या वर जाईना. सून मीना त्यांना एस.टी.ने घेऊन आली होती.

"बाई, हात तर दिवसभर वरच असत्यात," धोंडाबाई म्हणाल्या. "अजून कसला व्यायाम?"

"मावशी, कामात हात वर आणि पुढे जातात. इथे ते मागे न्यायचे आहेत," पूजाताईंनी समजावलं. "हे दोन फरे एकमेकांना भेटले पाहिजेत. सकाळ-संध्याकाळ करा. दुखेपर्यंत नाही, ताण जाणवेपर्यंत."

नवा ताठ पट्टा ओढण्याइतका त्यांच्यात जोर नव्हता, म्हणून पूजाताईंनी टोपलीतून मला काढलं आणि त्यांच्या हातात दिलं. मला किती आनंद झाला, काय सांगू! मी पहिल्यांदाच कुणाचा तरी झालो होतो.

धोंडाबाईंना पाठीपेक्षा मोठी एक भीती होती, ती मला बागेत गेल्यावर कळली. टोळीचा मुकादम लखन हा त्यांच्या बहिणीचा मुलगा. तो मनाने वाईट नव्हता, पण त्याला बागवाल्याला तोंड द्यायचं होतं.

"मावशे, हात वर जात नसला तर पुढच्या साली तू पाड्यावरच ऱ्हा," तो म्हणाला. "बागवाला मला बोलतोय."

"एकटी?" धोंडाबाईंनी विचारलं.

दिवाळीनंतर पाड्यावर काय उरतं, ते दोघांनाही ठाऊक होतं. त्याच्या आदल्या साली काळू नावाचा एक म्हातारा तसा मागे राहिला. टोळी परतली तेव्हा तो माणसांशी बोलायचं विसरून कोंबड्यांशीच बोलत बसलेला सापडला. तेव्हापासून धोंडाबाईंनी धसका घेतला होता.

दुसऱ्या दिवसापासून त्या पहाटे मांडवाच्या लोखंडी अँगलला मला अडकवून ओढू लागल्या. बायकांना आयतीच करमणूक मिळाली.

"धोंडाबाय, लोणी निघालं का गं?" एकीने विचारलं. खरंच, लांबून पाहिलं तर त्या ताक घुसळत असल्यासारख्याच दिसत. दुसरी म्हणाली, "शेरातल्या बाया करत्यात तसलं. आपल्याला शोभत नाय."

लोकांचं तोंड कोण धरणार? धोंडाबाईंना लाज वाटली. त्यांनी ओढणं सोडलं, पण मला टाकून द्यायला त्यांचं मन होईना. मग त्यांनी आपल्या रीतीने तोड काढली. त्यांच्याकडे डोकं दुखलं की कपाळाला फडकं आवळतात, कंबर दुखली की कमरेला. तसंच त्यांनी मला पाठीवरून छातीशी गच्च आवळून बांधलं आणि वरून पदर घेतला. पट्टाच तो, त्यांच्या मते बांधला की गुण येणारच.

मित्रांनो, मला तोंड असतं तर ओरडलो असतो. ताणणं आणि सोडणं हा माझा धर्म, आणि मी दिवसभर नुसता आवळून बसलेला. माझ्याखाली त्यांची पाठ हळूहळू लाकडासारखी होत गेली. त्यांना श्वाससुद्धा पुरता घेता येईना. दुखणं मला कळत होतं आणि उपायही मीच होतो, तरी काही करता येत नव्हतं. इतका एकटा मी टोपलीतही नव्हतो.

एकदा अंघोळीच्या वेळी पाणी द्यायला मीना आडोशाला आली आणि तिला सासूच्या पाठीवरचे वळ दिसले.

"आत्याबाई, हे काय केलं?"

"बांधला. समदे हसत्यात," धोंडाबाई म्हणाल्या आणि रडू लागल्या. "मला मागं टाकू नका गं."

मीना हसली नाही. तिने आधी माझी गाठ सोडली. संध्याकाळी काम सुटल्यावर, सगळ्या बायका चुलीशी असताना, तिने उघड्यावर मला अँगलला अडकवलं. "आधी मी वढते, मग तुम्ही. माझी पण पाठ भरती," असं ती सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. तरण्या सुनेला कोण हसणार? चार दिवसांत हसणाऱ्यांतलीच एक बाई पाठ चोळत जवळ आली. पाठ कुणाची दुखत नव्हती?

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं. द्राक्षं गोड होईस्तोवर वेळ लागला, पण काढणीच्या वेळी धोंडाबाईंचा हात मांडवाच्या तारेपर्यंत पोचला. लखनने पाहिलं आणि म्हणाला, "मावशे, पुढच्या साली तयार ऱ्हा." त्या दिवशी त्यांनी मला स्वच्छ धुऊन सावलीत वाळवलं. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यांत चांगला दिवस.

पावसाळ्यात मी पाड्यावर, त्यांच्या घरातल्या या खिळ्यावर होतो. पाठ दुखत नव्हती, त्यामुळे मला कुणी हात लावला नाही. गरज सरो नि वैद्य मरो! दिवाळी झाली, टोळीचा टेम्पो आला. धोंडाबाईंनी मला काढून बोचक्यात ठेवलं, मग परत बाहेर काढून खिळ्यावर अडकवलं. "आता कशाला? बरी झाले ना," असं म्हणून त्यांनी दाराची कडी घातली.

आता पाड्यावर आवाज नाही. मी चुलीच्या धुराने काळवंडलो आहे, कडेला भेगा पडू लागल्या आहेत. एकटं राहण्याची ज्यांना भीती होती त्या गेल्या आणि मी राहिलो, याचं मला वाईट वाटतं, पण राग नाही. काळजी मात्र वाटते. बागेत आता घड बुडवायला सुरुवात झाली असेल.

म्हणून मित्रांनो, एक विनंती. दुखणं थांबलं म्हणून व्यायाम थांबवू नका, आणि घरातलं कुणी तो करत असेल तर हसू नका. सायखेड्याकडे कुणी जाणार असाल तर धोंडाबाईंना सांगा, पट्टा नसला तरी चालेल, जुन्या लुगड्याची पट्टी घ्या, पण संध्याकाळी दोन्ही फरे भेटवा. मी इथे वाट पाहतो आहे, हे तेवढं सांगू नका.