चंद्रभानची बोटं

"तोंडानं सांग बे, हातानं नाई," वामनराव म्हणाला, आणि अंगणात जमलेले लोक हसायच्या तयारीनं पुढे सरकले.

चंद्रभानच्या मुठीत कापसाचा बोळा होता. अमेरिकेत लढाई पेटल्यापासून तिकडचा कापूस बंद झाला होता आणि वऱ्हाडातलं बोंडन् बोंड विलायतेला निघालं होतं. अमरावतीत उतरलेल्या गोऱ्या साहेबाला कापसाचा पारखी हवा होता, आणि तो निवडायचं काम मुकादम वामनरावाकडे होतं. लांब धाग्याची बनी कोणती, आखूड धाग्याची जरी कोणती, एवढंच ओळखायचं. पण ते विकणाऱ्याच्या तोंडावर खणखणीत सांगायचं.

भातकुलीत, त्याच्या गावी, चंद्रभानला कोणी काही विचारत नसे. बोलायचं काम धाकट्या भावाचं, याचं बैलांमागे चालायचं. इथं त्याला धाडलं होतं ते बायकोनं, पार्बताबाईनं. मांडीवर थाप मारत बोललं की त्याचा शब्द अडत नाही, हे तिलाच सापडलं होतं. महिनाभर विहिरीवर तिनं त्याच्याकडून 'बनी' आणि 'जरी' घोकून घेतलं होतं. "एकडाव तरी लोकायनं तुमाले इचारलं पायजे," ती म्हणाली होती.

बोळा हातात पडताच त्याच्या बोटांना कळलं होतं. वरवर बनी होती, आत जरी दडवलेली. त्यानं मांडीवर थाप मारली.

"बनीत ज..."

"थांब. तबला कायले वाजवून राहिला?" वामनरावानं दोन हमालांना खूण केली. "धरा रे याचे हात. मंग पाहू."

हमालांनी त्याचे दोन्ही हात पाठीमागे आवळले.

"हं, सांग आता."

"ज... ज... ज..."

जबडा वाकडा झाला. मानेच्या शिरा तटतटल्या. गर्दीतून कोणीतरी तसंच 'ज-ज-ज' करत ठेका धरला आणि हां हां म्हणता सारं अंगण टाळ्या पिटू लागलं. वामनरावानं साहेबालाही बाहेर बोलावलं. साहेब दारात उभा राहिला, बघितलं, मिशीत हसला आणि आत गेला. तरी चंद्रभान थांबला नाही. आता थांबलो तर हा शब्द आपल्याला जन्मात बोलता यायचा नाही, असं त्याला वाटत होतं.

पारखी व्हायला आलेल्यांच्या रांगेत त्याच्या मागे गोवर्धन उभा होता. त्याला कापसातलं फारसं कळत नव्हतं, पण कान तिखट होते.

"बनीत जरी मिसळली हाये, मुकादम," तो चटकन म्हणाला.

वामनरावानं बोळा फोडून पाहिला. नोकरी गोवर्धनला मिळाली.

"आन् तू," हात सोडवून घेणाऱ्या चंद्रभानकडे वामनराव वळला, "पाय तं तोतरे नाईत ना तुहे? गठ्ठे तुडवाले ये उद्यापासून."

गावी निरोप गेला, नोकरी लागली म्हणून. कोणती, ते निरोप्यानं विचारलं नव्हतं. साहेब आमच्या ह्यायले इचारल्याबिगर कापूस घेत नाई, असं पार्बताबाईनं विहिरीवर सगळ्या बायांना सांगितलं.

खड्ड्यात टांगलेल्या पोत्यात उतरून चंद्रभान दिवसभर कापूस तुडवायचा. अवघड माल आला की गोवर्धन काहीतरी निमित्त काढून खड्ड्याशी यायचा आणि हळूच कापसाची मूठ पुढे करायचा. चंद्रभान चुरडून बोटं दाखवायचा. एक बोट म्हणजे बनी, दोन म्हणजे जरी.

एका दुपारी बाळापूरकडच्या गाड्या आल्या आणि साहेब स्वतः खुर्ची टाकून बसला. गोवर्धन धावत आला. त्याच्या कपाळावर घाम होता.

"लवकर सांग गा. आज चुकलो तं मले हाकलूनच देतीन."

चंद्रभाननं बोळा चुरडला. जरी होती. एकच बोट वर केलं की झालं. त्याला टाळ्या आठवल्या, पाठीमागे आवळलेले हात आठवले. त्यानं गोवर्धनकडे पाहिलं आणि एक बोट उचललंही. पण अंगठ्याखालचा तो आखूड, खरबरीत धागा काही केल्या बनी होईना. मग दुसरं बोट वर आलं.

गोवर्धन पळाला. थोड्या वेळानं त्याचा आवाज खणखणीत ऐकू आला, "जरी!" साहेब काहीतरी कौतुकाचं बोलला असावा, कारण लोक खुशीनं हसले.

वरून कापसाचा नवा भारा चंद्रभानच्या डोक्यावर पडला. नाकातोंडातलं पुसून त्यानं पोत्याचा काठ धरला आणि पाय उचलला. कापूस छातीपर्यंत आला होता.