भिंतीवरली गल्ली

लक्ष्मीकांत पुराणिक मध्यभारत सरकारच्या सचिवालयात कारकून होता. राजधानी हिवाळ्यात ग्वाल्हेरला आणि उन्हाळ्यात इंदूरला, त्यामुळे फायलींच्या पेट्यांबरोबर त्याचीही वर्षातून दोनदा ने-आण व्हायची. बायको सरोजिनी मात्र इंदूरला परदेशीपुऱ्यातल्या भाड्याच्या घरातच राहायची. ग्वाल्हेरच्या एकट्या संध्याकाळी घालवण्यासाठी त्यानं एका साहेबाचा जुना बॉक्स कॅमेरा घेतला, आणि दोन वर्षांत त्या नादानं त्याला पुरतं झपाटलं. फिल्म तो स्वतःच धुवायचा. इंदूरच्या घरात गल्लीकडची कोठीची खोली त्यानं त्यासाठी बळकावली होती. तांबड्या कागदात गुंडाळलेला दिवा, एनॅमलचे तीन ट्रे, डेव्हलपर आणि हायपो या धुलाईच्या रसायनांच्या बाटल्या, आणि खिडकीच्या बंद फळ्यांवर उजेड अडवायला एक जाड रजई.

वैशाखातल्या एका रविवारी सकाळी सरोजिनीनं ती रजई उन्हात टाकली. लक्ष्मीकांतला हे ठाऊक नव्हतं. नऊच्या सुमाराला तो खोलीत शिरला, दार लावलं, दिव्याचं बटण चाचपू लागला, आणि थबकला.

समोरच्या भिंतीवर काहीतरी हलत होतं.

आधी त्याला वाटलं, डोळ्यांपुढे अंधारी आली. मग नजर सरावली. भिंतीवर घरं होती, उलटी, कौलं खाली आणि ओटे वर. वाळत घातलेलं लाल लुगडं खालून वर लोंबत होतं. एक सायकलवाला डोकं खाली करून भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. वळून पाहिलं तर खिडकीच्या फळीतली लाकडाची गाठ निखळली होती आणि तिथं हरभऱ्याएवढं भोक पडलं होतं. बारीक भोकातून आलेला उजेड समोर बाहेरचं उलटं चित्र उमटवतो, हे मॅट्रिकला असताना पुस्तकात आलं होतं, परीक्षेत आकृतीसुद्धा काढली होती त्यानं. पण आकृतीतल्या मेणबत्तीला रंग नव्हता, आणि ती चालत नव्हती.

त्यानं सरोजिनीला हाक मारली. ती पिठाच्या हातानंच आली, आणि त्यानं दार लावलं.

"अहो, ही तर आपलीच गल्ली," ती हळूच म्हणाली. पुढे होऊन तिनं पीठ लागलेला तळवा भिंतीला टेकवला. त्याच वेळी बाहेरून एक टांगा गेला, आणि तो घोड्यासकट तिच्या बोटांवरून सरकत गेला. देवळातसुद्धा तिचा चेहरा असा झालेला लक्ष्मीकांतनं पाहिला नव्हता.

मग त्याच्या डोक्यात आलं की आपण आत्ता कॅमेऱ्याच्या पोटातच उभे आहोत. मग फिल्म कशाला हवी? त्यानं भोकावर पुठ्ठा धरला, तांबडा दिवा लावला, आणि छपाईचे चार कागद शेजारी शेजारी भिंतीवर टाचले. दिवा मालवून पुठ्ठा काढला. पहिल्या खेपेला अंदाज चुकला, कागद जवळपास कोरेच राहिले. दुसऱ्या खेपेला त्यानं वीस मिनिटं धरली. नवे कागद टाचण्याआधी दारातून घड्याळ पाहून सरोजिनीनं साडेनऊ झाल्याचं सांगितलं, मग आत येऊन दार लावलं आणि ती दोघं श्वास रोखल्यासारखी उभी राहिली. बाहेर नळावर भांडी आदळत होती, पोरं ओरडत होती. कागदांवरून माणसं उलटी चालत होती.

कागद धुतल्यावर गल्ली उमटली, पण काळ्याची पांढरी आणि पांढऱ्याची काळी. ते वाळवून, कोऱ्या कागदांवर पालथे घालून काच दाबली, वरून उजेड दिला, आणि दुपारी तीनच्या सुमाराला खरं चित्र डेव्हलपरमध्ये सोडलं. दोघं ट्रेवर वाकली. आधी विजेचा खांब आला. मग गॅलरीचे कठडे, नळाचा ओटा, कौलांची एकेक ओळ. इतकं बारीक त्याच्या कॅमेऱ्यानं कधी टिपलं नव्हतं.

"माणसं कुठं गेली?" सरोजिनीनं विचारलं.

गल्लीत कोणीच नव्हतं. रविवारची सकाळ, नळावर झुंबड, हातगाड्या, पोरं, आणि कागदावर मात्र ओस पडलेला रस्ता. लक्ष्मीकांतला कारण कळत होतं. जे हलत होतं, त्याला कागदावर उमटण्याइतका वेळच मिळाला नव्हता. पण कारण कळूनही तो त्या रिकाम्या रस्त्यावर माणसं शोधत राहिला.

मग चौथ्या कागदावर, समोरच्या ओट्यावर, एक खुर्ची स्पष्ट होत गेली. खुर्चीत माणूस होता. टोपी, मिशा, गुडघ्यावर पालथा ठेवलेला हात. हाताची बोटंसुद्धा मोजून घ्यावीत अशी.

ते दत्तोपंत होते. होळकर दरबारच्या दप्तरखान्यात उभा जन्म नोकरी केलेले. दोन वर्षांपूर्वी अर्धांगानं उजवी बाजू गेली आणि जीभ जड झाली. सून कमल रोज सकाळी त्यांना ओट्यावर बसवायची आणि ऊन चढलं की आत न्यायची. त्यांना आता काही उमजत नाही, असं गल्लीनं धरून टाकलं होतं.

"मी रोज त्यांच्यासमोरून नळावर जाते," सरोजिनी म्हणाली. "ते तिथं असतात हे मी विसरूनच गेले होते हो."

संध्याकाळी चारही कागद पुठ्ठ्यावर चिकटवून दोघं समोर गेली. कमलनं संकोचून चटई घातली आणि मामंजींना काही कळायचं नाही, उगाच तुम्हाला तकलीफ, असं पुटपुटली. लक्ष्मीकांतनं चित्र दत्तोपंतांच्या मांडीवर ठेवलं आणि साडेनऊपासून वीस मिनिटं गल्ली कशी भिंतीवर धरली, ते सावकाश सांगितलं.

दत्तोपंत बराच वेळ पाहत राहिले. मग त्यांचा डावा हात उठला आणि रिकाम्या रस्त्यावर टेकला.

"लक्ष्मण," ते म्हणाले. शब्द घासत, अडत येत होते. "दूधवाला. इथून गेला. बेबी... दोनदा. घागर गळकी." बोट पुढे सरकलं. "बाबूराव. पिशवी घेऊन. चप्पल तुटली... इथं थांबला जरा. बंडू. पतंग नव्हता... नुसताच धावला."

कमल दाराच्या चौकटीला धरून उभी होती. दोन वर्षांत एवढे शब्द त्या घरात कोणी ऐकले नव्हते. सरोजिनीनं लक्ष्मीकांतच्या खिशातली पेन्सिल काढली आणि चित्राच्या मागे एकेक नाव लिहून घेतलं. अकरा नावं झाली.

"दत्तोपंत काका," लक्ष्मीकांतनं विचारलं, "हे सगळं तुमच्या लक्षात राहतं?"

"दुसरं काय... काम आहे मला?" म्हातारा म्हणाला. डावीकडची मिशी किंचित हलली.

पुढच्या रविवारी लक्ष्मीकांत आणि बाबूराव यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून गल्ली ओलांडली. बाबूराव बाहेर गेला, दार लागलं. अंधारात दत्तोपंतांचा श्वास तेवढा ऐकू येत होता. हळूहळू भिंत उजळली आणि गल्ली चालू लागली. उलट्या माणसांमधलं कोण कोण, हे लक्ष्मीकांतला आठवडाभर पाहूनही कळत नसे. दत्तोपंत मात्र नुसत्या चालीवरून एकेकाचं नाव सांगू लागले. दोघांचं नाव तर माणूस भिंतीवर यायच्या आतच, पावलांच्या आवाजावरून सांगितलं. लक्ष्मीकांत भिंतीकडे पाहायचं सोडून त्यांच्याकडेच पाहत राहिला.

तेवढ्यात भिंतीवर, वरच्या कोपऱ्यात, समोरचा ओटा रिकामा दिसला. कमल आतून आली, पदरानं हात पुसले, इकडे तिकडे पाहिलं, आणि मामंजींच्या जागी जाऊन बसली. पहाटेपासून राबणारी बाई ती, पण मांडीवर हात ठेवून बसली आणि अगदी स्थिर झाली.

दत्तोपंतांचे ओठ हलले, पण ओट्यावर कोण आहे ते त्यांनी सांगितलं नाही.

"कागद लाव," ते म्हणाले. "लवकर."

लक्ष्मीकांतनं भोकावर पुठ्ठा धरला आणि कागदाचं पाकीट चाचपू लागला.