काटा गिऱ्हाइकाच्या हाती

मी काटा बोलतोय. म्हसावदच्या गोकुळ सोनाराचा काटा. दोन पितळी पारडी, एक दांडी, रेशमी दोरे आणि मधोमध उभी असलेली बारीक सुई, एवढाच माझा पसारा. स्वस्थ राहणं मला कधी जमलंच नाही. दुकानात कुणी शिंकलं तरी माझी सुई थरथरायची. ते माझं कामच होतं, त्याचं वाईट वाटत नसे. पण आता पेटीचं झाकण बंद असतं, वाऱ्याची झुळूकही आत येत नाही, तरी माझी तगमग थांबत नाही. म्हणून ठरवलं, एकदाचं बोलून टाकायचं.

शहाद्याच्या एका कारागिरानं मला घडवलं आणि गोकुळनं दुकान थाटलं त्या दिवशी मला घरी आणलं. माझ्याबरोबर पेटीत एक जोडीदार होता, चांदीचा राणीछाप रुपया. अस्सल रुपया म्हणजे बरोबर एक तोळा, म्हणून गोकुळ त्याचंच वजन वापरायचा. त्या रुपयावरच्या राणीच्या गालावर एक तिरपा ओरखडा आहे. माझ्याही अंगावर खूण आहे. गोकुळचा मुलगा नवनीत रांगता असताना त्यानं दोरा धरून मला खाली ओढलं. उजव्या पारड्याला भेग गेली. गोकुळनं तिथं तांब्याचं ठिगळ लावलं, दोन रिपिटा मारल्या, डाव्या पारड्यालाही तेवढाच भार दिला आणि मला पुन्हा समतोल केलं. पोरावर मात्र तो अजिबात रागावला नाही. तेव्हा मला त्याचं कौतुक वाटलं होतं.

गोकुळची एक रीत होती. तोलताना मला तो स्वतः धरत नसे. गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा.

"धर बाई, काटा तूच धर," तो आपल्या अहिराणीत म्हणायचा. "मन्हा हात मन्हा शे, तुन्हा हात तुन्हा."

इतर सोनार त्याला हसायचे. गिऱ्हाइकाचा हात कापतो, वेळ जातो, दुकानात खोळंबा होतो. ते सगळं खरंच होतं. नांगर धरलेल्या, ऊस तोडलेल्या हातांत मी गदगदा हलायचो. पण सुई ठरली की त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे निवांतपण यायचं, ते मी किती वेळा जवळून पाहिलंय!

डोंगरातल्या बायका गोकुळकडे यायच्या त्या यासाठीच. धडगावच्या बाजूच्या एका पाड्यावरची रूपलीबाई तर दर एक-दोन वर्षांनी होळीआधी उतरायची. तिच्या गळ्यात राणीछाप रुपयांची माळ. प्रत्येक रुपयाला वर चांदीची कडी झाळून बसवलेली. होळीत नाचून नाचून एखादी कडी सैल व्हायची. मग ती माळ माझ्या पारड्यात ठेवायची, मला उचलून धरायची, वजन पाहायची आणि मगच जायची. काम झालं की पुन्हा तेच. माळेतला मधला रुपया तिच्या आईचा होता. लग्नात आईनं स्वतःच्या माळेतून सोडवून तिच्या गळ्यात घातलेला. तो पारड्यात ठेवताना ती त्याच्यावरून हळूच अंगठा फिरवायची.

गोकुळ गेला. दुकान नवनीतकडे आलं. त्यानं चकचकीत मशीन आणलं, आकडे लाल रंगात दाखवणारं. मला फळीवर ढकललं. मला राग आला नाही असं कसं म्हणू? चांगलाच आला. मशीन माझ्यापेक्षा अचूक आहे हे मला मान्य आहे, पण त्याचे आकडे नवनीतच्या बाजूला दिसतात, गिऱ्हाइकाच्या नाही.

मग एक दिवस नवनीतनं मला फळीवरून काढलं, चिंचेनं घासून उजळवलं. मी हरखलो! वाटलं, बापाची आठवण झाली असेल. त्यानं एका पारड्यात ओरखड्याचा रुपया ठेवला, दुसऱ्यात तोळ्याचं वजन. सुई सरळ उभी राहिली. आणि त्यानं मोबाईलनं माझा फोटो काढला.

गोकुळची बायको सरलाबाई आतून आली. "त्या काटाना फोटू कसाले काढस रे?"

"जाहिरात करी ऱ्हायनू, माय."

जाहिरात कसली, ते मला हळूहळू कळलं. इंटरनेटवर जुन्या नाण्यांचे लिलाव चालतात. नवनीतनं तिथं खातं उघडलं होतं. माझा फोटो आणि खाली मजकूर: आजोबांच्या पेटीतला अस्सल रुपया, सोनाराच्या जुन्या काट्यावर तोललेला. आजोबांनी मला कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. बोली लागायची, लिलाव संपायचा, आणि पाकिटातून जायचा तो साच्यात ओतलेला, चांदीचं पाणी दिलेला नकली रुपया. ओरखड्याचा रुपया परत माझ्याशेजारी फळीवर. पुढच्या आठवड्यात पुन्हा तोच फोटो.

माणसांची मला गंमत वाटते. मशीनचा आकडा दिसला तर संशय घेतात, पण जुनं पितळ दिसलं की विरघळतात. माझ्या म्हातारपणाचा असा भाव होईल असं मला कधी वाटलं नव्हतं. मी खोटं बोललो नव्हतो. पारड्यातला रुपया खरा होता, वजन खरं होतं. तरीही माझ्या तोंडून खोटंच वदवलं जात होतं, आणि मला ओरडून सांगता येत नव्हतं. दांडीला जणू मुंग्या डसत होत्या.

अखेर एक बाई भेटल्या ज्यांनी नवनीतला पकडलं. नाशिकच्या ममताताई. शाळेत विज्ञान शिकवतात आणि जुनी नाणी जमवतात. त्यांचा फोन आला तेव्हा नवनीतनं तो स्पीकरवर टाकला होता, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"तुमचे मागचे तीन लिलाव मी शेजारी-शेजारी ठेवून पाहिलेत," ताई म्हणाल्या. "तिन्ही वेळा राणीच्या गालावर तोच ओरखडा. एकच रुपया तीन जणांना कसा विकलात हो?"

नवनीत चाचरला. "तो... नमुन्याचा फोटो असतो, मॅडम."

"नमुन्याला कोण बोली लावतं? किनारीचा फोटो तुम्ही कधी टाकत नाही. ओतीव नाण्याची किनार बोथट असते, सांधा दिसतो, म्हणूनच ना? पैसेही लिलावाच्या बाहेर परस्पर मागता. हे सगळं मी संग्राहकांच्या गटावर टाकणार आहे."

शाब्बास, ताई! माझी सुई आनंदानं नाचली.

पण ताईंनाही मोह होता. फोन ठेवायच्या आधी म्हणाल्या, "तुमच्याकडे खरंच एखादा अस्सल असेल, तर व्हिडिओवर दाखवा. माझ्यासमोर तोला. मग दोऱ्यानं पारड्याखाली टांगून पाण्यात बुडवा आणि पुन्हा तोला. चांदी पाण्यात किती हलकी होते ते मला ठाऊक आहे. अस्सल निघाला, तर गटावर लिहायचं मी थांबवीन."

नवनीतनं हिशेब मांडला. एक खरा रुपया दिला की बाईंचं तोंड बंद, वर चांगला शेरा मिळेल. ओरखड्याचा चालणार नव्हता, तो ओळखला गेला होता. आणि नेमकी त्याच आठवड्याच्या बाजाराला रूपलीबाई आली.

तिची नात रीना हिचं लग्न ठरलं होतं. होळीनंतर लगेच. मधला रुपया माळेतून सोडवून रीनाच्या गळ्यात घालायचा होता, आईनं तिच्या गळ्यात घातला तसा. त्याआधी सैल कड्या पक्क्या करून हव्या होत्या. तिनं माळ काढली आणि सवयीनं हात पुढे केला.

"काटा?"

"ठेवी जाय, मावशी. मशीन शे आते," नवनीत म्हणाला. "होळीना बजारले लई जाजो."

तिचा रिकामा हात थोडा वेळ तसाच पुढे राहिला. मी फळीवरून पाहत होतो. मग तिनं हात मागे घेतला आणि गाडी चुकेल म्हणून निघून गेली. का गं गेलीस अशी? मला तेव्हाच कसंतरी झालं होतं.

दुसऱ्या दिवशी मधल्या रुपयाची कडी निघाली. नवनीतनं वरची खूण कानशीनं घासली आणि मोबाईल उभा करून मला हातात धरलं. आधी हवेत तोललं, मग पाण्यात. आयुष्यात पहिल्यांदा मी पाण्यातलं वजन केलं. इतकी चोख चांदी तोलताना कुठल्याही काट्याचा ऊर भरून येईल. माझा फुटत होता. ताईंनी किनार पाहिली, आवाज ऐकला, पाण्यातलं वजन लिहून घेतलं. नाणं हाती पडल्यावर त्यांनी शेरा दिला: कडीची पुसट खूण आहे, पण नाणं शंभर टक्के अस्सल. विश्वासू विक्रेता.

त्या शेऱ्यामुळे आणखी दोघं फसले. आणि रूपलीबाईच्या माळेत आईच्या रुपयाच्या जागी एक ओतीव रुपया कडीला लटकला.

होळीचा बाजार भरला. रूपलीबाई रीनाला घेऊन आली. नवनीतनं माळ कागदात गुंडाळूनच पुढे केली. तिनं कागद सोडला, माळ गळ्यात घातली आणि दुकानाच्या दारातच होळीच्या नाचाची दोन पावलं टाकली. रुपये वाजले. ती थांबली. पुन्हा दोन पावलं टाकली. रीना लाजून इकडेतिकडे पाहायला लागली.

"यामा एक मुका शे," रूपलीबाई म्हणाली. आणि न बघता तिची बोटं मधल्या रुपयावर गेली.

"पालिश कयं शे, मावशी. म्हनीसन तसा आवाज ई ऱ्हायना."

आतल्या दारात सरलाबाई उभी होती. ती नवनीतकडे पाहत राहिली. त्यानं नजर चुकवली, आणि बहुधा तिथंच तिला कळलं.

"नवनीत, काटा लई ये."

"माय, मशीनवर करूत ना..."

"काटा लई ये, सांगं ना तुले!"

मला खाली काढलं गेलं. सरलाबाईनं मुका रुपया सोडवून घेतला, मला रूपलीबाईच्या हातात दिलं. एका पारड्यात तिनं स्वतः नवऱ्याचा ओरखड्याचा रुपया ठेवला. दुसऱ्यात, ठिगळाच्या पारड्यात, तो मुका. त्याच्यावर कडीचं वजन जास्तीचं होतं, तरी ते पारडं वर उचललं गेलं. इतके दिवस माझ्या आत साठलेलं सगळं त्या एका झुकण्यातून बाहेर पडलं. त्याच पोरानं फोडलेलं पारडं होतं ते.

मग नवनीत खाली मान घालून पुटपुटला, "मी तो एक बाईले इकी टाका."

सरलाबाईनं ओरखड्याचा रुपया उचलून रूपलीबाईच्या तळहातावर ठेवला. तो नवऱ्याची शेवटची निशाणी होता, तरी ठेवला. रूपलीबाईनं तो परत केला.

"हाऊ गोकुळभाऊना शे. माले मन्ही मायना पाहिजे."

तिचा आवाज चढला नव्हता. रीना मात्र रडू लागली. ममताताईंना फोन तिथंच लावला गेला, सगळ्यांसमोर, आणि बोलली सरलाबाई.

"ताई, मी नवनीतची आई बोलते. तुमच्याकडे जो रुपया शे, तो चोरीना शे. एका बाईच्या माळेतला."

ममताताई म्हणाल्या, "अहो, पण मी सगळं तपासलं होतं. वजन, किनार, पाण्यातलं वजन... कडीची खूणही पाहिली होती. मला वाटलं, कुणीतरी जुना दागिना मोडला असेल."

"सगळं विचारं तुम्ही, ताई. कोना शे, तेवढं नही विचारं."

ताईंनी रुपया स्वतः आणून दिला. लग्नाला चार दिवस राहिले होते. वर पाड्यावर निरोप गेला, रूपलीबाई उतरली. तिनं मला धरलं, आईचा रुपया माझ्यात ठेवला, समोर गोकुळचा. सुई सरळ उभी राहिली. कानशीनं घासलेल्या जागी तिनं अंगठा फिरवला आणि तिचा चेहरा कसनुसा झाला. नवनीतनं तिच्या देखत कडी बसवली. ममताताई कोपऱ्यात उभ्या राहून पाहत होत्या. निघताना त्यांनी मला एकदा हातात धरायला मागितलं. रिकामंच धरलं आणि परत दिलं.

नवनीतचं खातं बंद झालंय. ताईंनी शेरा काढून टाकला, गटावर सगळं खरं लिहिलं, स्वतःची चूकही लिहिली. फसलेल्यांनी पोलिसांत तक्रार केलीय, त्याचं काय व्हायचं ते होईल. सरलाबाई मला रोज पुसते आणि पेटीत ठेवते. माझी गोष्ट इथं संपायला हवी होती.

पण परवा रीनाचा फोन आला. सासरी कुणीतरी तिला मोबाईलवर एक लिलाव दाखवला. विक्रेता भलत्याच राज्यातला, नाव भलतंच, आणि फोटो माझा. तेच पितळ, तोच समतोल, तोच रुपया. कुणीतरी उचलला, त्याच्याकडून आणखी कुणीतरी. ज्या गावांची नावं मी ऐकली नाहीत तिथल्या चोरांसाठी मी या घडीलाही साक्ष देतोय. मी इथं अंधाऱ्या पेटीत आहे आणि मला थांबवता येत नाही.

म्हणून तुम्हाला सांगतो. कुठल्या लिलावात उजव्या पारड्याला तांब्याचं ठिगळ असलेला काटा दिसला, त्यात गालावर ओरखडा असलेली राणी दिसली आणि सुई अगदी सरळ उभी दिसली, तर तो मी आहे. त्या सरळ सुईवर विश्वास ठेवू नका. तुमच्या घरी जे येणार आहे, ते मी तोललेलं नाही.

आणि एखादा अस्सल निघालाच, तर तो कुणाच्या गळ्यातला आहे, तेवढं विचारा.